खुर्चीची परतफेड

आमच्या सासूबाईंचं एक ठाम मत आहे: उपकार आणि ओला टॉवेल, दोन्ही अंगावर फार वेळ ठेवू नयेत, सर्दी होते. टॉवेलाचं मला पटतं. उपकाराने सर्दी झालेला माणूस मी अजून पाहिलेला नाही, पण असं बोलून दाखवायची सोय आमच्या घरात नाही. कोणी लिफ्टचं दार धरून ठेवलं, तर आमचा मजला यायच्या आत सासूबाई पर्समधून चॉकलेट काढून त्याच्या हातात कोंबतात. नको म्हणालं तर खिशात. मग कुठे त्यांचा जीव भांड्यात पडतो.

लेकही आईवर गेलाय. आमचे हे वजनमापं तपासणारे साहेब. दिवसभर दुकानोदुकानी फिरून कुणाचा काटा खोटा आहे ते शोधायचं, हे त्यांचं काम. त्यामुळे हातात आलेली वस्तू ते आधी तोलतात आणि मग बघतात. लग्नाआधी पहिल्या भेटीत मी त्यांना एक पुस्तक दिलं होतं. तर म्हणाले, "पाऊण किलो असेल." मी तिथेच सावध व्हायला हवं होतं.

माझं माहेर याच्या अगदी उलट. बाबांचं केस कापायचं दुकान होतं. दाढी झाली की गिऱ्हाईक उठून खिसे चाचपायला लागायचं, आणि बाबा वस्तरा पुसता पुसता म्हणायचे, "असू दे हो, उद्या द्या." आई यावरून त्यांचं डोकं खायची. बाबा म्हणत, "अगं, चुकते केले की माणूस महिन्याने उगवतो. राहिले तर उद्या दारात हजर." त्या हिशेबाने दुकान कधी मोठं झालं नाही, पण रिकामंही कधी दिसलं नाही. बाबा गेले, पाठोपाठ दुकान गेलं, आणि दुकानातली खुर्ची माझ्याकडे आली. थोरल्या बहिणीच्या, म्हणजे अक्काच्या घरात तिला जागा नव्हती. जागा आमच्याही घरात नव्हती, पण मी ती केली.

खुर्ची म्हणजे साधीसुधी नव्हे. ओतीव लोखंडाची, चामड्याच्या गादीची, डोकं टेकायला उशी असलेली. बाजूचा दांडा दाबत राहिलं की वर जाते, सोडला की सुस्कारा टाकत खाली येते, आणि पायाने रेटलं की गरागरा फिरते. मी ती गॅलरीत ठेवली होती. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांना "आता स्पष्ट दिसतंय? आणि आता?" असं विचारून घसा बसला, की घरी येऊन मी तिच्यात बसायची. मन ठीक असेल तेव्हा रस्त्याकडे तोंड करून. सासूबाईंशी वाजलं असेल तेव्हा भिंतीकडे तोंड करून. घरात सगळ्यांना खुर्चीच्या तोंडावरून माझं तोंड कळायचं. खुर्चीच्या हातांवर हात ठेवले की मला बाबा जवळ असल्यासारखं वाटायचं. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, सांगायची गरज पडेल असं वाटलंही नव्हतं.

तर झालं असं, की सासूबाई एका सकाळी बाथरूममध्ये अडकल्या. कडी बसली ती उघडेच ना. ह्यांनी दाराला खांदा दिला. दार हललं नाही, खांदा हलला. आतून सासूबाई ओरडत होत्या, "मला बाहेर काढा, पण कोणाला बोलावू नका." हे दोन्ही एकदम कसं जमायचं? मी सरळ समोरचं दार वाजवलं.

समोर नवीन बिऱ्हाड आलं होतं. नवरा कुलपं-किल्ल्या दुरुस्त करणारा, बायको तरणतलावावर मुलांना पोहायला शिकवणारी. तिच्या गळ्यात सदैव शिट्टी, आणि साधं "या बसा"सुद्धा पलीकडच्या काठाला ऐकू जाईल अशा आवाजात. आमच्या घरात तिचं नाव शिट्टीवाली पडलं होतं. त्यांच्याकडे कुलूपवाल्यांचे म्हातारे वडील होते, पण ते बाहेर फारसे दिसत नसत.

कुलूपवाले बनियनवरच आले. एक बारीक हत्यार कडीत घातलं, कान लावला, मनगट जरासं वळवलं, आणि दार उघडलं. सासूबाई आत टबाच्या काठावर बसल्या होत्या. सुटकेचा आनंद बाजूलाच, पहिलं वाक्य काय, तर "किती द्यायचे?"

"काय आजी, शेजारी ना आपण?" असं म्हणून कुलूपवाले निघूनही गेले.

सासूबाईंचा चेहरा पांढरा पडला. बाथरूममध्ये अडकल्याने पडला नव्हता एवढा.

दुपारपर्यंत समोर टॉवेलांचा नवाकोरा संच गेला. आम्ही हुश्श केलं. पण देवाने एका मजल्यावर एकाच प्रकारचे लोक का आणून ठेवावेत, हे त्यालाच ठाऊक. संध्याकाळी शिट्टीवाली केक घेऊन दारात. ह्यांनी तो हातात घेतला मात्र, आणि त्यांच्या कपाळावर आठी उमटली.

"आई, टॉवेलांपेक्षा जड आहे."

झालं. केकला उत्तर म्हणून टेबलावरचा दिवा गेला. दिव्याला उत्तर म्हणून भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ आलं. घड्याळावर आम्ही सुटकेस दिली, सुटकेसवर त्यांनी व्यायामाची सायकल दिली. ती सासूबाईंनी अंतर्वस्त्रं वाळत घालायला घेतली. प्रत्येक वस्तू दारातच हातोहात दिली जाई. "अहो कशाला!" "असू दे हो!" एवढंच बोलणं. आत जाऊन दोन घटका बसावं, चार गोष्टी बोलाव्यात, हे कोणाच्या मनातही येईना. दोन्हीकडे सगळे पुढच्या वस्तूच्या चिंतेत.

आणि मग तिजोरी आली.

पुरुषभर उंचीची, हिरव्या रंगाची, लोखंडी. कुलूपवाल्यांनी ती कधीतरी भंगारात हौसेने घेतली होती आणि त्यांना स्वतःलाच ती आजवर उघडता आलेली नव्हती. हा त्यांचा दुखरा कोपरा होता, आणि तो त्यांनी आम्हाला भेट दिला. चार हमाल ती घेऊन वर आले आणि खाली जाताना एकमेकांचा आधार घेत गेले. हे तिजोरीभोवती फिरले, तिला एकदा मिठी मारून थोडं हलवून पाहिलं, आणि सोफ्यावर बसले.

"आपल्याकडे याच्या तोडीचं काय आहे?" सासूबाईंनी विचारलं.

"फ्रिज," हे म्हणाले. मग जरा थांबून, "किंवा..."

हे सगळं मला नंतर कळलं, कारण मी तेव्हा दुकानात एका बाईंना डावा डोळा झाकायला सांगत होते. घरी आले, चप्पल काढली, गॅलरीत गेले, आणि सवयीने बसायला वळले. मागे खुर्ची नव्हती. तिजोरी होती. माझं डोकं तिच्यावर आपटलं.

"खुर्ची कुठे आहे?"

हे वर्तमानपत्राच्या मागे गेले. सासूबाई म्हणाल्या, "फ्रिज कसा देणार? त्यात दूध होतं."

मी त्या दिवशी जेवले नाही. भिंतीकडे तोंड करून बसायचं तर खुर्चीच नाही, म्हणून तिजोरीला पाठ लावून जमिनीवर बसले. हे येऊन शेजारी टेकले. म्हणाले, "मला वाटलं, जुनी झालीय."

"बाबांची होती," मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं.

ह्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. माणूस वाईट नाही. फक्त काट्यावर जे दिसत नाही, ते त्यांना दिसत नाही. मग म्हणाले, "परत मागू या का?"

आतून सासूबाईंचा आवाज आला, "दिलेलं परत मागणारं आपलं घर नव्हे."

आणि खरं सांगायचं तर मलाही मागवेना. कोणत्या तोंडाने मागायची? बरं, त्यांच्याकडे जाऊन नुसती बघून यावी, तर ती दिसली की माझा बांध फुटणार हे मला माहीत होतं. तेव्हा मी ठरवलं, त्या घरात पाऊल टाकायचं नाही. खुर्चीने स्वतःच्या पायांनी परत यायला हवं. त्यावर ह्यांनीच तोड काढली. त्यांना इतकं द्यायचं, इतकं द्यायचं, की परत द्यायला घरात खुर्चीशिवाय काही उरताच कामा नये.

एरवी मी अशा कल्पनेवर हसले असते. पण गरजवंताला अक्कल नसते.

आम्ही गालिचा दिला. त्यांच्याकडून माशांची पेटी आली, माशांसकट. आम्ही शिलाई मशीन दिलं, कपाट आलं. आम्ही जेवणाचं टेबल दिलं, त्यांचं जेवणाचं टेबल आलं. ते आमच्या टेबलापेक्षा डुगडुगतं निघालं, पण ह्यांच्या मते वजनाला भारी होतं. दर वेळी दाराची घंटी वाजली की मी धावत जायची, आणि दर वेळी दारात भलतंच काहीतरी उभं असायचं. शेवटी आम्ही मन घट्ट करून सोफा दिला. मला खात्री होती, आता खुर्ची येणार. दुसऱ्या दिवशी त्यांचा सोफा आला. वर घडी करून ठेवलेले टॉवेल. आमचेच.

कुलूपवाले दिवसेंदिवस सुकत चाललेले दिसत. शिट्टीवालीचा आवाजही उतरला होता. जिन्यात भेटली की कसनुसं हसून म्हणे, "ताई, अजून काही जमलं नाही हो आमच्याच्याने." मला वाटे, ही मला खिजवतेय. खुर्ची लाटायची आणि वर असं बोलायचं! मी पण हसून "असू दे हो" म्हणायची आणि दातओठ खात घरात यायची. घरात आल्यावर चमचे कोणत्या खणात आहेत ते आठवायची, कारण खणही त्यांचे होते.

असं चाललं असताना एका रविवारी सकाळी माझा फोन वाजला. अक्का होती.

"अगं, आहेस कुठे तू? मी केव्हाची तुझ्या घरी येऊन बसलेय."

मी इकडे तिकडे बघितलं. घरात अक्का नव्हती. अक्काने मजला, जिना, दार, आयुष्यात काहीच नीट लक्षात ठेवलेलं नाही. पण घरात नसलेलं माणूस घरात आहे म्हणतं म्हणजे काय?

"कुठे बसलीयेस?"

"तुझ्या सोफ्यावर. पायाखाली तुझा गालिचा आहे. एक बाई मला चहा देऊन गेल्या, तुझी कामवाली का गं? आवाज फार मोठा आहे." मग तिचा आवाज बदलला. "आणि बाबांची खुर्ची तू हॉलमध्ये आणलीस ते फार छान केलंस. मी बघत बसलेय. रडूच आलं बघ."

मी फोन ठेवला. म्हणजे ठेवला नाही, हातातच राहिला. अक्काला बाहेर काढायला त्या घरात जाणं भाग होतं. आणि एकदा पाऊल टाकायचंच आहे, तर आज खुर्ची मागूनच टाकायची. गेली ती परतफेड चुलीत. मला माझी खुर्ची हवी होती. सासूबाई मागून "काहीतरी हातात घेऊन जा" म्हणत होत्या. मी रिकाम्या हाताने, चप्पलही न घालता, तणतणत समोरच्या दारात जाऊन उभी राहिले.

दार उघडंच होतं. आत पाहिलं, तर माझाच हॉल. माझा सोफा, त्यावर कप घेऊन अक्का. माझा दिवा. आणि खिडकीशी, उजेडाकडे तोंड केलेली बाबांची खुर्ची, आणि खुर्चीत कुलूपवाल्यांचे वडील. गळ्याभोवती पांढरं फडकं, अर्ध्या गालावर फेस. कुलूपवाले वस्तरा धरून वाकले होते. कडीला कान लावताना जसे वाकले होते, अगदी तसेच.

मी तोंड उघडलं होतं, पण शिट्टीवालीने मला खूण केली. गप्प. त्या बाईला कुजबुजता येतं हे मला तेव्हा कळलं.

"दाढी होईपर्यंत बोलू नका, ताई. बिचकतात." तिने मला कोपऱ्यात ओढलं. "वर्षभर अंगाला हात लावू देत नव्हते हो. मन ठिकाणावर राहिलं नाही ना. ह्यांना ओळखत नाहीत. वस्तरा बघितला की ओरडायचे, मारायला धावायचे. दाढी इथपर्यंत आली होती, त्यात घास अडकायचे. आणि तुम्ही ही खुर्ची पाठवलीत. नुसती आणून ठेवली, तर स्वतःहून जाऊन बसले. मान मागे टाकली. म्हणाले, 'कल्ले बारीक.' आम्ही दोघं रडलो त्या दिवशी."

मी बघत राहिले. म्हातारबुवांनी डोळे मिटले होते. त्यांचे हात खुर्चीच्या हातांवर होते, जिथे चामडं झिजून गुळगुळीत झालंय तिथेच. हजार गिऱ्हाइकांनी झिजवलेलं. मी त्यावर हात ठेवून बाबांना आठवत होते, आणि इथे तर बाबांचं दुकान चालू होतं.

"केवढे उपकार केलेत तुम्ही," शिट्टीवाली म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "काही दिलं तरी फिटेना. सोफा दिला, टेबल दिलं, ह्यांनी तर म्हटलं मासे पण देऊन टाक. सासऱ्यांचे आवडते मासे होते ते. तरी हे रोज म्हणतात, खुर्चीचं काही फिटत नाही."

म्हणजे आम्ही खुर्ची परत यावी म्हणून देत होतो, आणि ती माणसं खुर्ची फिटावी म्हणून देत होती. आणि मी त्या बाईवर दातओठ खात होते. मला इतकी लाज वाटली की अक्काकडे बघवेना. अक्काला अर्थात काहीच कळलं नव्हतं. ती मला हातानेच खुणावत होती, की ये ना, बस ना, घर तुझंच आहे.

तेवढ्यात दाढी आटोपली. कुलूपवाल्यांनी गाल पुसला, फडकं काढलं, दांडा सोडला. खुर्ची सुस्कारा टाकत खाली आली. म्हातारबुवांनी गालावरून हात फिरवला, पसंतीची मान हलवली, आणि खिसा चाचपला. मग दुसरा. त्यांचा चेहरा बावरला.

"किती झाले?"

"काही नाही हो, राहू द्या," कुलूपवाले म्हणाले.

"फुकट?" म्हातारबुवांचा आवाज चढला. "मी कुणाचं फुकट घेत नाही. काय समजलात मला?" ते पुन्हा खिसे उलटेपालटे करू लागले.

"हे रोजचं आहे," शिट्टीवाली पुटपुटली. "ह्यांनी पैसे पुढे केले तर फेकून देतात, की भीक नको. मग तासभर उठत नाहीत, आणि नंतर दिवसभर बेचैन. एवढं एक सोडलं तर..."

मी पुढे कधी गेले ते मला कळलं नाही. मी खुर्चीच्या मागे जाऊन उभी राहिले, जिथे बाबा उभे राहायचे. उशीवर हात ठेवला.

"असू दे हो, आजोबा," मी म्हटलं. "उद्या द्या."

म्हातारबुवा थबकले. मान वळवून त्यांनी मला नीट पाहून घेतलं. दुकानदाराच्या शब्दात कितपत दम आहे ते जोखत असावेत.

"उद्या दुकान उघडं आहे?"

"आहे की."

"हेच भाव?"

"हेच."

"मग उद्या येतो," ते म्हणाले, आणि ताठ मानेने उठून माशांच्या पेटीच्या रिकाम्या जागेशी जाऊन उभे राहिले.

अक्काच्या हातातला कप तिरका झाला होता. चहा माझ्याच गालिच्यावर सांडत होता. ती म्हणाली, "अगदी बाबा."

कुलूपवाले वस्तरा हातात धरून तसेच उभे. त्यांनी एकदा वडिलांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग हात जोडले. "ताई, आता हे आणखी एक. आता खरंच सांगा, आम्ही काय देऊ? घरात आमचं असं काही उरलंच नाही."

मी आले होते कशाला, ते मला आठवत होतं. खुर्ची समोर होती. गादी अजून गरम असेल. मला ती हवी होती, अजूनही हवी होती, खोटं कशाला बोलू. मागितली असती तर त्यांनी त्या क्षणी उचलून दिली असती, आणि सगळं फिटलं असतं.

"तुम्हीपण उद्या द्या," मी म्हटलं. "आत्ता फक्त मासे घेऊन जा. आणि मला जरा बसू दे."

मी बसले. कुलूपवाल्यांनी न सांगता दांडा दाबून मला वर घेतलं. शिट्टीवालीने चहा आणला. आम्ही पहिल्यांदाच आत बसून बोललो. तिला पाण्याची भीती वाटायची हे मला त्या दिवशी कळलं, लहानपणी म्हणे बादलीलाही घाबरायची.

घरी आले तर सासूबाई दारातच.

"फिटलं का?"

"नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे राहिलंय. दोन्हीकडून."

सासूबाईंनी छातीवर हात ठेवला. दुपारभर येरझारा घातल्या, दोनदा शिंकल्याही. दुसऱ्या दिवशी मी दुकानातून आले तर घरात त्यांचा पत्ता नाही. ह्यांना विचारलं, तर म्हणाले, "समोर गेलीय. चॉकलेटचा डबा देऊन सगळं एकदाच मिटवून येते म्हणाली."

त्या बऱ्याच उशिरा परतल्या. डबा हातातच होता. डोकं छान विंचरलेलं, भांग सरळ, आणि चेहऱ्यावर मला न कळणारा भाव.

"त्या खुर्चीत बसवलं मला," त्या म्हणाल्या. "गोल फिरवलं. चहा दिला. त्या म्हाताऱ्याने माझे केस विंचरून दिले."

"मग चॉकलेटं?"

सासूबाईंनी डबा शांतपणे फळीवर ठेवला.

"तो म्हणाला, उद्या द्या."